पानावरचा आडवा हात

अर्जाचा मुख्य भाग मी एका दुपारी भरून टाकला. पदव्या होत्या, गुणपत्रिका होत्या, वनस्पतीशास्त्र शिकवल्याचा दाखला होता, शिफारसपत्रेही मागितल्याबरोबर मिळाली होती. कागद पुढे करायचा असेल तर मला संकोच वाटत नाही. कागद बोलतो आणि मी बाजूला उभी राहते. अडचण त्यानंतर सुरू झाली. पुढच्या पानावर ‘पूरक निबंध’ असे शीर्षक होते आणि त्याखाली दोन प्रश्न. तुम्हांला आमच्याकडेच का यायचे आहे? आणि, तुम्ही कोणत्या समुदायात वाढलात, त्यात तुमची जागा कोणती? उत्तरे थोडक्यात, स्वतःच्या शब्दांत.

स्वतःच्या शब्दांत लिहा, असे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आले. ते इतके अवघड असते याची मला कल्पना नव्हती.

विद्यापीठ स्कॉटलंडमधले होते. धान्यांचे जुने वाण कसे टिकवावेत, याविषयीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या, कोल्हापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईने तिकडे जावे याचे कारण म्हणजे जमिनीचा एक लहानसा तुकडा. गडहिंग्लजजवळ आमचे गाव आहे. शेतात आता सगळा ऊस. परंतु माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, विहिरीलगतच्या पट्टीत दर वर्षी हट्टाने खपली गहू पेरतो, कारण यात्रेतली हुग्गी, म्हणजे गुळातली गव्हाची खीर, दुसऱ्या गव्हाची चालत नाही. शेजारच्या शेतांतून हा गहू कधी गेला, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या प्रश्नापायी मी गावोगाव हिंडून लोंब्या जमवत राहिले. घरातले एक कपाट त्यांनी भरले आहे. त्याचे पुढे काय करायचे हे शिकवणारी जागा मला फार उशिरा सापडली.

उशीर हीच खरी भीती होती. अभ्यासरजेविषयी प्राचार्यांना विचारायला गेले तेव्हा त्यांनी नियमांचे पुस्तक उघडून पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, यंदा बसतंय. पुढच्या वर्षी वयात बसणार न्हाय. काय करायचं ते आत्ताच करा.” म्हणजे हा एकच हिवाळा माझ्या हाती होता, आणि त्या हिवाळ्याच्या वाटेवर हे दोन प्रश्न आडवे बसले होते.

माझी भाची, अण्णाची मुलगी, माझ्याकडे राहून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. तिच्या वर्गातली निम्मी मुले परदेशी अर्ज करत होती, त्यामुळे असले निबंध तिने पुष्कळ वाचले होते. कोल्हापूरच्या मुलींप्रमाणे तीही ‘मी जातो, मी करतो’ असेच बोलते, आणि बोलते ते शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी तिच्याकडे गेले नाही. तीच माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“आत्ती, काय शोधालीयास?”

“जातीचा दाखला. स्कॅन केलेली प्रत इथेच होती.”

“तो कशाला?”

“समुदाय विचारला आहे ना.”

ती खुर्चीवर बसून इतकी हसली की मला उठून तिला पाणी द्यावे लागले. “दाखला त्यांनी न्हाई मागितला गं. तुला मागितलंय, तुला!”

त्यानंतर मी पहिला मसुदा लिहिला. त्यावर मी मेहनत घेतली होती. प्रस्तावनेत जिल्ह्याचे भौगोलिक स्थान, मग नद्या, मग राधानगरीचे धरण आणि त्यामुळे झालेली समृद्धी, मग गूळ, मग कुस्ती, मग चामड्याच्या वहाणा आणि समारोपात येथील जनतेचा मोकळा स्वभाव. शाळेत मला निबंधासाठी बक्षिसे मिळत असत, ती असल्याच निबंधांसाठी. भाचीने भडंगाची वाटी मांडीवर घेऊन तो वाचला.

“हे कुणी लिवलंय?”

“मी.”

“मग तू कुठं हाईस ह्यात? धरण हाय, गूळ हाय, पैलवान हाय, चप्पल बी हाय. तू न्हाईस. हे स्टँडवरच्या बोर्डावर लावून टाक, पावण्यांस्नी उपयोग हुईल.”

मला राग आला नाही. राग यायला आपले म्हणणे बरोबर असल्याची खात्री लागते. तिच्या जागी दुसरे कुणी असते तर ‘छान आहे, थोडे बदल करा’ एवढेच म्हणाले असते आणि मी तोच मसुदा पाठवून मोकळी झाले असते. आपल्या माणसाचे फटकळ बोलणे किती उपकाराचे असते, हे त्या आठवड्यात मला कळले.

मी तो बाजूला ठेवला आणि पहिल्या प्रश्नाकडे वळले. तुम्हांला आमच्याकडेच का यायचे आहे? येथे निदान मी असणे भाग होते. मी खपलीविषयी लिहिले, कपाटातल्या लोंब्यांविषयी लिहिले, आणि शेवटी एक परिच्छेद असा घातला: ‘माझ्याहून तरुण आणि अधिक पात्र उमेदवार आपल्याकडे निश्चितच असतील. प्रथम त्यांचा विचार व्हावा. त्यानंतर एखादी जागा उरल्यास माझे नाव ध्यानात घ्यावे, ही नम्र विनंती.’ हा परिच्छेद मला मनापासून आवडला होता. इंग्रजीतही त्याचा तोल चांगला साधला होता. भाचीला तो मी स्वतः वाचून दाखवला.

तिने भडंगाची वाटी खाली ठेवली. हसली मात्र नाही.

“आत्ती, ही काय यात्रंची पंगत हाय व्हय?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? पानावर हात आडवा धरलायस. आपण ‘नको, नको’ म्हणायचं आणि ती माणसं ‘घ्या की वो, घ्या की’ म्हणत मागं लागणार, म्हणून वाट बघत बसायचं. तिकडं असलं काय न्हाय गं. हात दिसला की वाढणारा फुडं जातोय. परत येत न्हाय.”

ज्यांना आमच्याकडची पंगत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाहुण्याने पहिल्या आग्रहाला हो म्हणायचे नसते. ते हावरेपणाचे दिसते. पानावर हात आडवा धरायचा, ‘बास, बास’ म्हणायचे, आणि वाढणाऱ्याने तो हात न जुमानता वाढायचे. त्याने जुमानला तर तो यजमानाचा कमीपणा. ही रीत माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की सातासमुद्रापलीकडच्या एका निवड समितीपुढेही मी तसाच हात आडवा धरून बसले होते, आणि त्याला मी नम्रता समजत होते.

तरीही मी वाद घातला. मी क्वचितच वाद घालते.

“पण नको म्हटले म्हणजे नकोच, असे वाढणारा कधी धरत नाही. त्याला कळते.”

“कसं कळतं?”

“बोटांवरून.”

“काय बोटांवरनं?”

“ज्याचे पोट खरेच भरलेले असते त्याची बोटे मिटलेली असतात, एकमेकांना चिकटून. ज्याला हवे असते त्याची फाकलेली असतात. तोंडाने नको म्हणतो आणि खाली खिरीला वाट ठेवतो. काही जण तर हात इतका उंच धरतात की वाढणाऱ्याचे ओगराळे खालून आरामात जावे.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. वाढता वाढता लक्षात आले.”

“मग हे लिव की!”

“याचा धान्याशी काय संबंध?”

“त्यांनी दुसऱ्या प्रश्नात धान्य इचारलंय व्हय? तुझी जागा इचारलीया. हुग्गीची बादली घिऊन पंगतीतनं फिरतीस, हीच तुझी जागा. मी बारकी हुतो तवापास्नं बघतोय.”

तिचे म्हणणे खरे होते, आणि ते इतक्या वर्षांत माझ्या मनात कधी आले नव्हते. लहानपणापासून चार बायकांत बसले की मला बोलणे सुचत नसे. कुणी काही विचारले तर उत्तर मनात तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. यात्रेत आणि लग्नात ही शिक्षा मोठी असायची. एकदा कुणीतरी माझ्या हातात खिरीची बादली दिली आणि मला माझी सुटका सापडली. बादली हातात असलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही. ‘खीर, खीर’ एवढा एकच शब्द म्हणत पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येते. बोलायचे नसल्यामुळे मी पाहू लागले, आणि वाकून चालणाऱ्या माणसाला पंगतीत चेहरे दिसत नाहीत, हात दिसतात.

मी लिहायला लागले. सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी, चहा झाल्यावर, जेवणाच्या टेबलावर. बाहेर गुळाचे दिवस होते. गावाकडून येणारा माणूस ढेप आणत होता आणि स्वयंपाकघरात त्याचा वास असे. मर्यादेपेक्षा मी कितीतरी जास्त लिहीत होते आणि मग खोडत होते. शेवटी एका हाताची गोष्ट ठेवली. गावातली एक नवी सून पंगतीत सासूशेजारी बसली होती. सासूने नको म्हटले, म्हणून हिनेही हात आडवा धरला. पण बोटे उघडी, आणि डोळे सासूकडे. मी सरळ वाढले असते तर ती हावरी ठरली असती. म्हणून मी मुद्दाम चिडून म्हटले, “हात काढ गं, सांडेल अंगावर!” आणि ओगराळे रिकामे केले. सासू माझ्यावर वैतागली, सून बचावली आणि तिने खीर खाल्ली. माझ्या माणसांतली माझी जागा ही अशी आहे, असे मी लिहिले. न बोललेले ओळखायचे आणि त्याचा गवगवा करायचा नाही.

मग तो पहिला प्रश्न उरला. नम्र विनंतीचा परिच्छेद मी काढून टाकला. त्या जागी काय लिहायचे ते मला माहीत होते, फक्त लिहिले जात नव्हते. ‘मला यायचे आहे.’ एवढेच. ते वाक्य टंकित करून मी पुसत होते आणि पुन्हा टंकित करत होते. मला हवे आहे, असे मी आजवर कशालाही उघडपणे म्हटल्याचे आठवेना. मग मला जे मिळाले ते कसे मिळाले, असा विचार मनात आला.

बारावीनंतर कोल्हापूरच्या महाविद्यालयात मला प्रवेश मिळत होता. मी नको म्हणाले. अव्वा, म्हणजे आमची आई, गुडघ्यांनी थकली होती. घरात नुकतीच आलेली वहिनी एकटी पडली असती. आणि शहरात मी कुणाशी बोलणार होते? अण्णाने पुन्हा विचारले, मी पुन्हा नको म्हणाले. त्या सोमवारी सकाळी त्याने माझी पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढवली आणि रस्त्यावरून ओरडला, “चल गं, गाडी सुटंल!” मी कागलपर्यंत रडले. मला ढकलले, अशी माझी तक्रार होती. परंतु मी उतरले नाही, हेही खरे.

पुढे नोकरी लागल्यावर स्थळे येऊ लागली. त्याही वेळी मी नको म्हणाले, त्याच खालच्या आवाजात, जमिनीकडे पाहत. नातेवाईक म्हणाले, मुलींना लाजच असते, आणा पाहुण्यांना घरी. अण्णाने कुणालाही आणले नाही. तो विषय आमच्या घरात हळूहळू थांबला आणि मला माझे आयुष्य मनासारखे जगता आले.

दोन्ही वेळा माझा शब्द एकच होता. एकदा त्याने तो मानला नाही आणि एकदा मानला, आणि दोन्ही वेळा त्याचे बरोबर निघाले. हे त्याला कसे कळले, ते मी कधी विचारले नव्हते. पण ज्यांनी आजवर माझे नको ओळखले ती माणसे त्या समितीत नव्हती. तिथे मला ओळखणारे कुणी नव्हते. हात मलाच काढायला हवा होता.

‘मला यायचे आहे’ असे लिहून मी पूर्णविराम दिला.

भाचीने दोन्ही निबंध वाचले. एक शब्द बदलला. मी म्हटले, “तूच पाठव बाई. मला नाही दाबवत ते बटण.”

“मी न्हाय दाबणार. पंगत तुझी हाय.” आणि पाठ फिरवून ती रंकाळ्यावर फिरायला निघून गेली. दाराबाहेर चप्पल घालताना मात्र ती बराच वेळ रेंगाळली. मी बटण दाबले आणि तिला हाक मारली. तिने जिन्यातूनच अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरच्या काकू काय झाले ते पाहायला वर आल्या.

उत्तर आले तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि मुले कांद्याच्या मुळाचे टोक काचपट्टीवर चेपून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होती. फोनवर ते पत्र मी उघडले, वाचले, फोन पालथा ठेवला आणि पुढच्या मुलाची स्लाइड पाहिली. त्या दिवशी मी गुण जरा सैल हाताने दिले असावेत. प्रवेश दिल्याचे कळवून पत्राखाली एकाने वेगळी ओळ लिहिली होती. निबंध वाचल्यापासून आम्ही भोजनगृहात एकमेकांच्या हातांकडे पाहू लागलो आहोत, अशी. त्या अनोळखी माणसाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

अण्णाला फोन केला तेव्हा तो विहिरीवर होता. मागे मोटरचा आवाज.

“अण्णा, मिळाली.”

“काय मिळाली?”

“जागा. स्कॉटलंडची.”

“मग जा की! मला काय इचारतीस?” आणि मग, तितक्याच मोठ्याने, “थंडी लई असती म्हणं तिकडं. घोंगडं घिऊन जा.”

त्यानंतर लवकरच गावची यात्रा आली. खपलीची कापणी होऊन गेली होती आणि देवळामागच्या पटांगणात हुग्गीच्या कढया चढल्या होत्या. सवयीने मी बादली उचलायला गेले, तर वहिनीने ती माझ्या हातातून काढून घेतली.

“वन्सं, आज तुम्ही बसायचं.”

“अहो वैनी, मी कुठे बसू?”

“जमिनीवर बसा. सगळी बसल्यात तशी.”

मी बायकांच्या पंगतीत बसले. शेजारणींनी स्कॉटलंडमध्ये भाकरी मिळते का, असे विचारले, आणि उत्तर मनात तयार होईपर्यंत विषय पुढे गेला. वहिनी बादली घेऊन रांगेतून येत होती, मागून तुपाचे भांडे घेऊन भाची. वहिनी माझ्यापाशी वाकली. पहिले ओगराळे पडले, दुसऱ्याला माझा हात आपोआप पानावर आडवा गेला.

“बास वैनी. नको.”

तिने वाढले.

“नको म्हटले ना मी?”

“तोंडाचं कोण ऐकतंय? बोटं बघून वाढलं.”

मी माझ्या हाताकडे पाहिले. बोटे फाकलेली होती. मागे भाचीच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला.

“वैनी, हे तुम्हांला कधीपासून ठाऊक?”

“लगीन हून आलो तवापास्नं. घरात तुम्ही एकट्याच अशा, सगळ्याला नको म्हणणाऱ्या. मग बघायला लागतंय की!” तिने पदराने कपाळ पुसले. “कॉलेजला नको म्हणालात, तवा ह्यास्नी मीच सांगितलं. पोरगी तोंडानं नको म्हणतीया, पर बोटं उघडी हायत. पेटी भरा. आन् स्थळं आली तवा म्हटलं, आता मूठ वळलीया, गप बसा.”

एवढे सांगून ती पुढच्या पानाकडे गेली, कारण पंगत मोठी होती आणि खीर निवत होती. जे मी माझी स्वतःची समजूत म्हणून परदेशी कळवले होते, ते ज्ञान इतकी वर्षे माझ्याच घरात माझ्यासाठी राबत होते, आणि त्याचा कुणी गवगवा केला नव्हता. बोलण्यासारखे माझ्याकडे खूप काही होते. नेहमीप्रमाणे वेळेवर एकही वाक्य तयार झाले नाही. मी पान चाटूनपुसून स्वच्छ केले.

वाढणाऱ्यांची पंगत सगळ्यांत शेवटी बसते. वहिनी दमून भिंतीशी बसली, पाय दुमडून. या वेळी बादली मी कुणाला घेऊ दिली नाही. तिच्या पानावर एक ओगराळे वाढले आणि दुसरे भरून घेतले, तेव्हा तिचा हात आडवा आला.

“पुरे वो वन्सं, नको.”

मी वाकून तिची बोटे पाहिली, आणि वाढले.